कोतवालाची येळवस

नागप्पा एकदा बोलला की बोलला, हे मादन हिप्परग्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे दिवाळीनंतरच्या एका सकाळी राखुंडीनं दात घासता घासता त्यानं, "येत्या आमुशाला कोतवालाला डाग देतो," असं जाहीर केलं, तेव्हा सून अंबिका पाण्याची घागर घेऊन दारातच थांबली आणि बाणूबाईच्या हातातली भाकरी तव्यावर तिरपी पडली.

कोतवाल म्हणजे त्यांचा कुत्रा. वय वर्षं अकरा, रंग पिवळट, एका कानाचा अर्धा भाग लांडग्यानं नेलेला. घरात पन्नास मेंढरं होती तेव्हा कोतवाल त्यांच्या पुढं-मागं पळत रानोमाळ हिंडायचा. पुढं चराईला जागा उरली नाही, मुलगा सुनीलकुमार कलबुर्गीला कामाला लागला, नागप्पानं मेंढरं विकून टाकली आणि सगळं लक्ष तुरीवर दिलं. दारात राहिल्या चार मेंढ्या आणि कोतवाल. आता थंडी पडू लागल्यापासून त्याला सकाळी उठायलाच वेळ लागत होता. आधी पुढचे पाय उभे राहायचे, मग मागच्या पायांची मनधरणी चालायची. ओट्याच्या दोन पायऱ्या त्याला चढवेनात. बसताना तो असा काही कण्हायचा की ऐकणाऱ्याच्या कमरेत कळ यावी.

आणि डाग म्हणजे डागच. लोखंडी सळई जाळात लाल करून दुखऱ्या सांध्यावर टेकवायची. शेळी लंगडली, बैल आखडला की आसपासची माणसं नागप्पाकडं यायची. त्याचा हात हलका आहे असं लोक म्हणत. बाणूबाईचं मत असं होतं की, ते एकदा शेळीला विचारून बघायला पाहिजे.

"कामून वो डाग?" तिनं भाकरी सरळ करत विचारलं. "काय केलंय त्यानं तुमचं?"

"केलं काय न्हाई. मागचं पाय आखडायल्यात त्याचं. सांध्यावर दोन-दोन डाग दिलं की मोकळं व्हतंय. माझ्या अप्पानं दिल्यात, मी दिल्यात."

"तुमच्या गुडघ्यावर बी दिल्यात की अप्पानं. झाला का गुडघा बरा?"

नागप्पानं धोतर गुडघ्याखाली ओढून घेतलं. "माझी गोष्ट येगळी हाय," तो म्हणाला आणि चूळ भरायला गेला. वेगळी कशी, ते काही त्यानं सांगितलं नाही.

चाळीस वर्षांच्या संसारात बाणूबाई एक गोष्ट शिकली होती. नागप्पाला 'नको' म्हटलं की तो हट्टाला पेटतो, पण 'थोडं थांबा' म्हटलं की विचारात पडतो. तिनं येळवशीपर्यंतची मुदत मागितली. येळवस म्हणजे वेळा अमावास्या, दीड महिन्यावर होती. त्या दिवशी सगळं गाव आपापल्या शेतात जाऊन जेवतं. नागप्पाचं शेत गावापासून पाऊण कोसावर, मध्ये एक दगडांचा ओढा.

"येळवशीला कोतवाल आपल्या पायानं शेतात चालत आला," बाणूबाई म्हणाली, "तर डागाचं नाव काढायचं न्हाई. पुन्हा कधीच."

नागप्पानं बराच वेळ टॉवेलनं तोंड पुसलं. "बरं," तो म्हणाला. "पर वाटंत उचलायचं न्हाई. बोलवायचं न्हाई. भाकर दाखवायची न्हाई. न्हाई आला तर शेतात जाळ असतोयच, तिथंच डाग देतो."

"व्हय," बाणूबाई म्हणाली खरी, पण मनातून ती घाबरली. हा कुत्रा ओटा चढत नव्हता, तो पाऊण कोस काय चालणार होता?

दुसऱ्याच दिवशी ती आणि अंबिका कोतवालाला ऑटोत घालून आळंदच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर लिंगराज तरुण होते आणि बोलायला मोकळे. सुरुवात त्यांनी कन्नडमध्ये केली, मग बाणूबाईचं बोलणं ऐकून मराठीवर आले. कोतवालाचे मागचे पाय त्यांनी हळूहळू दुमडून, सोडून बघितले, कंबर दाबून बघितली, मग त्याला काट्यावर उभं केलं.

"सांधे झिजलेत अक्का. वय झालंय. ते काही मागं फिरत नाही. पण दुखणं कमी करता येतं." त्यांनी काट्याकडं बोट दाखवलं. "छत्तीस किलो. हा कुत्रा सत्तावीस-अठ्ठावीसचा पाहिजे. झिजलेल्या सांध्यांवर आठ किलो जास्तीचं ओझं घेऊन फिरतोय बिचारा. काय खायला घालता?"

"जे आमी खातोय तेच," बाणूबाई म्हणाली, आणि घरात सगळ्यात जास्त कोण खातं हे तिच्या डोळ्यांसमोर आलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं की त्या खाणं झाल्यावरच द्यायच्या, रिकाम्या पोटी द्यायच्या नाहीत, आणि माणसाची गुडघेदुखीची गोळी तर चुकूनही द्यायची नाही, कुत्र्याच्या जिवावर बेततं. शिवाय खाणं कमी करायचं, निजायला मऊ आणि उबदार जागा द्यायची, गुळगुळीत फरशीवर चालू द्यायचं नाही, कोमट शेक द्यायचा आणि रोज सकाळ-संध्याकाळ सावकाश फिरवायचं. "पळवू नका. पण बसवूनही ठेवू नका."

"अन् डाग?" अंबिकानं विचारलं.

"त्यानं सांधा बरा होत नाही. कातडं तेवढं जळतं. एक दुखणं होतं, त्याची दोन होतात."

घरी आल्यावर निम्म्या गोष्टी लगेच जमल्या. अंबिकानं शहाबादी फरशीवर दारापासून परसापर्यंत पोती अंथरली. बाणूबाईनं जुन्या घोंगडीच्या चार घड्या घालून कोतवालाचं अंथरूण केलं. संध्याकाळी ती वाळूची पुरचुंडी गरम करायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची आणि मग त्याच्या कमरेवर ठेवायची. कोतवाल डोळे मिटून घ्यायचा. त्याच्या चेहऱ्यावर इतकं सुख दिसायचं की बाणूबाईला त्याचा जरासा हेवा वाटायचा, कारण तिची कंबर चाळीस वर्षांत कुणी शेकली नव्हती.

अडलं ते खाण्यावर. या घरात एक रीत होती. कळप राखणाऱ्या कुत्र्याला उष्टं-खरकटं घालायचं नाही. त्याचा वाटा राखण्या माणसाएवढा, तव्यावरच्या ताज्या भाकरीचा. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, वर दूध. पन्नास मेंढरांमागं पळणारा कुत्रा ते कुठल्या कुठं जिरवायचा. मेंढरं गेली, पळणं गेलं, चार भाकरी तशाच राहिल्या.

"एक एक कमी करू या," बाणूबाई म्हणाली.

नागप्पा जेवता जेवता थांबला. "मेंढरं इकली म्हणून त्याचं काम सुटलं. वाटा न्हाई सुटला. त्याच्या ताटातली भाकर काढायची व्हय? त्यानं माझी कधी एक मेंढी सांडली न्हाई."

बोलणं खरंच होतं. दुसऱ्या दिवसापासून बाणूबाईनं भाकरी थापायची पद्धत बदलली. पीठ निम्मं घ्यायचं आणि थापत थापत तेवढ्याच मापाची भाकरी करायची. चार भाकरी चारच राहिल्या. बघणाऱ्याला ताट भरलेलं दिसायचं. नागप्पा बघत होता आणि समाधानानं मान हलवत होता. कोतवालाला कळलं असावं, पण त्यानं वाच्यता केली नाही.

फिरवणंही नेमानं सुरू झालं. रोज दोन वेळा बाणूबाई गळ्यात दोरी घालून कोतवालाला गल्लीच्या टोकाच्या मारुतीपर्यंत नेऊन आणायची. पहिले चार दिवस तो नाइलाजानं निघाला. पाचव्या दिवसापासून मात्र वेळ झाली की दाराकडं बघून शेपटी हलवू लागला. गोळ्यांचा गुण आला म्हणून बाणूबाई हरखली. फिरायची इतकी आवड त्याला तरुणपणीही नव्हती.

तीन आठवडे झाल्यावर वजन बघायची वेळ आली. त्यासाठी आळंदला कशाला जायचं? धनराज शेठच्या आडत दुकानात तुरीचा काटा होता. पण कोतवाल काट्यावर स्थिर उभा राहीना. धनराज म्हणाला, "बाणक्का, तुमी त्याला घेऊन उभ्या ऱ्हावा. मग एकट्या ऱ्हावा. वजा करू." बाणूबाईनं कसंबसं कोतवालाला उचललं. काट्याचा आकडा बघून धनराज हसायलाच लागला.

"बरोब्बर एक क्विंटल!"

मग बाणूबाई एकटी उभी राहिली आणि धनराजनं सवयीनं, हमालाला सांगावं तसं मोठ्यांदा सांगितलं, "बासष्ट!" तूर विकायला आलेल्या आठ-दहा माणसांनी ते ऐकलं. बाणूबाईला त्याचं काही वाटलं नाही, कारण तिचं डोकं वजाबाकीत अडकलं होतं. अडतीस. छत्तीसचा कुत्रा तीन आठवडे निम्म्या पिठावर राहून अडतीसचा झाला होता.

घरी येईपर्यंत तिनं सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. नागप्पा चोरून घालतो का? तो चोरून काही करणारा नव्हता, त्याला ओरडून करायची सवय. अंबिका? तिनं तर देवाची शपथच घेतली. त्या संध्याकाळी बाणूबाई नेहमीसारखी कोतवालाला घेऊन निघाली. पहिल्याच घरासमोर कोतवाल थांबला. आतून निलम्मा आली, हातात भाकरी.

"घे रे माझ्या वाघा," निलम्मा म्हणाली आणि भाकरी दोन घासांत संपली. पुढं कल्लप्पाच्या दारात भाकरी. पुढं भीमराजच्या दारात भाकरी आणि वर गूळ. बाणूबाई रोज हेच बघत होती, रोज 'असू दे की' म्हणत होती, आणि तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. राखणीचा कुत्रा धन्यासोबत दारात आला तर त्याला रिकाम्या तोंडी पाठवायचा नाही, ही सगळ्या गल्लीची रीत. तीही आयुष्यभर दुसऱ्यांच्या कुत्र्यांना असंच घालत आली होती. तिनं बोटांवर मोजलं. जाताना सात घरं, येताना तीच सात घरं, आणि हे दिवसातून दोनदा.

"आगं निलम्मा, थांब!" ती किंचाळलीच. "डॉक्टरनं खायला घालू नको म्हणलंय त्याला. फिरवायला आणायलेय मी, पंगतीला न्हाई!"

निलम्माला ते लागलं. "आमची भाकर कडू लागायली व्हय? लांडगा आला तवा आमच्या बी मेंढ्या राखल्या त्यानं. दारात आलेल्याला न्हाई कसं म्हणू?"

निलम्माचंही खरं होतं. या प्रकरणात सगळ्यांचंच खरं होतं, आणि वजन तेवढं वाढत होतं. बाणूबाईनं मग निलम्माला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं: सांधे, ओझं, गोळ्या, येळवस आणि डाग. डागाचं नाव ऐकल्यावर निलम्माच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुसऱ्या दिवसापर्यंत ते सातही घरांत पोचलं होतं. भाकरी देणं काही थांबलं नाही, रीत ती रीत. पण ती आता बाणूबाईच्या पदरात पडू लागली आणि घरी आली की मेंढ्यांच्या पुढ्यात. पुढं बाणूबाईनं रस्ताच बदलला. गावाबाहेरच्या पाणंदीनं, तुरीच्या कडेकडेनं, मऊ मातीतून ती कोतवालाला नेऊ लागली. तिथं कुणाचं दार नव्हतं. कोतवालानं पहिले दोन दिवस तोंड पाडलं, आणि मग त्याला उंदरांची बिळं सापडली.

आता मात्र गुण दिसू लागला. येळवशीच्या आदल्या आठवड्यात काटा तेहतिसावर आला. सकाळी कोतवाल एका दमात उठू लागला. एके दिवशी तर तो ओट्यावर बसलेला सापडला, आणि तो कसा चढला हे कुणीच बघितलं नव्हतं. नागप्पा त्याच्याकडं बघून नुसता 'हूं' म्हणाला.

आणि मग येळवशीच्या दोन दिवस आधी थंडीचा असा कडाका पडला की माणसं दुपारीही शेकत बसली. कोतवालाचे पाय पुन्हा आखडले. सकाळी तो उठायचा प्रयत्न करायचा, कण्हायचा आणि घोंगडीवर बसायचा. बाणूबाईनं शेक दिला, वेळच्या वेळी गोळी दिली, पाय चोळले. 'माझ्या तोंडानं कशाला अट घातली मी,' असं तिला राहून राहून वाटत होतं. नागप्पा येता-जाता बघत होता. त्याच्या बघण्याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

येळवशीच्या दिवशी सकाळी नागप्पानं आंबिलानं भरलेलं मातीचं बिंदगं डोक्यावर घेतलं. अंबिकाच्या टोपलीत शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, तिळाच्या पोळ्या. बाणूबाईच्या हातात पाण्याची कळशी. कोतवाल उठून उभा होता. ते निघाले तसा तोही निघाला, सगळ्यांच्या मागं, सावकाश. नागप्पा झपाझप पुढं गेला. त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

पाणंद कोतवालाच्या ओळखीची होती. तिथपर्यंत तो बरा चालला. बाणूबाई मुद्दाम रेंगाळत होती, कळशी या हातातून त्या हातात घेत होती. गल्लीतली माणसं टोपल्या घेऊन त्यांना ओलांडून जात होती आणि जाताना कुत्र्याकडं बघत होती. निलम्मानं तर चालता चालता हात जोडले, मारुतीला की कोतवालाला ते कळलं नाही. असं करत ते ओढ्यापाशी आले. ओढा कोरडा होता, पण नुसते दगड. कोतवाल काठावर थांबला. त्यानं दगड हुंगले, एक पाय पुढं टाकला, मागं घेतला आणि बसला.

नागप्पा पलीकडच्या काठावर चढून पुढं चालला होता.

बाणूबाई उभी राहिली. उचलायचं नाही, बोलवायचं नाही, भाकर दाखवायची नाही. ती ओढा ओलांडून गेली आणि पलीकडं पाठमोरी उभी राहिली, म्हणजे तिची पाठ बघून तरी तो येईल. तो आला नाही. अंबिकाचे डोळे भरून आले होते. "आत्या, म्या उचलते, मामांला दिसणार न्हाई," ती पुटपुटली. बाणूबाईनं मान हलवली. दिलेला शब्द मोडायचा नव्हता आणि पाळवतही नव्हता. दीड महिन्याची सगळी खटपट या दगडांत वाया जाणार, आणि आता थोड्या वेळानं हाच कुत्रा जाळापाशी धरून ठेवावा लागणार, या विचारानं तिचं रडू फुटायच्या बेताला आलं.

तेवढ्यात पुढून आवाज आला.

"हिर्रर्र हो! हिर्रर्र हो!"

पांगलेली मेंढरं वळवायची हाळी. चार वर्षांत ती कुणी दिली नव्हती. कोतवालाचा दीड कान ताठ झाला. तो उठला. मागचे पाय थरथरले, पण उभे राहिले. पहिल्या दगडावरून तो घसरला, दुसऱ्याला वळसा घातला, तिसऱ्यावर पाय रोवला, आणि बघता बघता तो पलीकडच्या काठावर चढून, बाणूबाईला ओलांडून, लंगडत लंगडत चक्क पळायला लागला.

पुढं वाटेच्या मधोमध नागप्पा डोक्यावर बिंदगं घेऊन उभा होता. कोतवाल त्याच्या पायांशी जाऊन धापा टाकत बसला.

"तुम्हीच म्हणलाव," बाणूबाईनं गाठल्यावर विचारलं, "बोलवायचं न्हाई म्हणून."

"कुणी बोलावलं? घसा साफ केला मी."

"घसा हिर्र हो करतोय व्हय?"

"डोक्यावर बिंदगं हाय. घशावर जोर यायलाय," नागप्पा म्हणाला आणि चालू लागला. पण या खेपेला तो कोतवालाच्या चालीनं चालला.

शेतात कडब्याची खोप होती, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड. पूजा झाली, आंबील शिंपडून झाली. खीर गरम करायला अंबिकानं तीन दगड मांडून जाळ केला. बाणूबाईची नजर त्या जाळावरून हलेना. नागप्पा जाळाकडं पाठ करून बसला होता. त्यानं कोतवालाच्या मानेवर हात ठेवला आणि खालच्या आवाजात बोलू लागला.

"चौदा वर्साचा व्हतो मी. माझी एक कुत्री व्हती, काळी. पुढचा पाय धरला तिचा. अप्पा म्हणला, तूच दे डाग, हात शिकंल. मी दिला. पाय बरा झाला का न्हाई, ते आता ध्यानात न्हाई. पर त्यानंतर मरस्तवर ती माझ्या हातचं खाल्ली न्हाई. मी टाकलेली भाकर तशीच पडायची. दुसऱ्यानं टाकली की खायची."

चाळीस वर्षांत हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. बाणूबाईला त्याचा रागही आला आणि कीवही आली.

"मग दीड म्हयना डाग डाग कामून करायलाव?"

"सकाळी कण्हतंय ते, बाणू. मला बघवत न्हाई. अन् मला तेवढं एकच येतंय."

बाणूबाईनं ताटात कोतवालाची भाकरी आणि दूध काढून नागप्पापुढं सरकवलं, कनवटीची गोळी सोडली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "आता हे शिका. अगुदर भाकर द्यायची. मग शेवटच्या तुकड्यात गोळी घालून द्यायची. घाई करायची न्हाई."

नागप्पानं भाकरी दुधात कुस्करून एक एक घास दिला. शेवटच्या तुकड्यात त्यानं गोळी दाबून बसवली, नीट झाकली आणि हात पुढं केला. डागणारा त्याचा हात म्हणे हलका होता. आता मात्र त्यानं तो कोतवालाच्या तोंडापासून वीतभर लांबच धरला. कोतवालानं हुंगलं. नागप्पाकडं बघितलं. आणि तुकडा उचलून चावला, गिळला, वर तळहातही चाटून घेतला.

"खाल्ला," नागप्पा म्हणाला. मग त्यानं हेच अंबिकाला सांगितलं, जी समोरच बसून सगळं बघत होती. मग बांधापलीकडच्या खोपीत जेवायला बसलेल्या कल्लप्पाला हाका मारून सांगितलं, "माझ्या हातचं खाल्ला!" कल्लप्पाला काही समजलं नाही. त्यानं तोंडातला घास गिळून दोन्ही हात वर केले आणि तिकडून ओरडला, "आमी बी खायलाव, या की!"